नमुन्याचा पाय
पांगाऱ्याचं मऊ लाकूड तासताना सुटणाऱ्या ओलसर वासाबरोबर मला कडाव गावातलं आमचं अंगण दिसतं. पहिल्या महायुद्धाची ती वर्षं. बैलगाडीखाली सापडून थोरल्या बहिणीचा पाय गुडघ्याखालून तुटला होता. आमचा बा सुतार. त्याने आधी मापासाठी पांगाऱ्याचा पाय करून तिला बांधला. ती अंगणभर चालली, हसली. बाने तो लगेच सोडून घेतला. “बा, ऱ्हाऊ दे ना,” ती म्हणाली. “ह्यो नुसता नमुना हाय गं, चार दिसांत मोडंल. सागाचा करतो.” पण साग वाळायला महिना लागणार होता. आठव्या दिवशी ती एका पायावर विहिरीकडे गेली आणि तोल जाऊन आत पडली. सागाचा पाय झालाच नाही. नमुना माझ्याकडे आहे. म्हातारपणी आता मी कधी कधी त्यावर सगळा भार टाकून बघतो. अजून मोडलेला नाही.