सर, वही मागून उघडा

सगळा दोष मोठ्या बाबांचा. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण किस्सा संपेपर्यंत तुमचं मत बदलणार आहे आणि मग माझं कोणी ऐकणार नाही.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. पांढुर्ण्यात बी-बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. पाटीवर नाव त्यांचं, गादीवर बूड त्यांचं. माझे बाबा तीस वर्षांपासून त्याच दुकानात उभे. कोणत्या झाडाला कोणतं औषध, किती पाण्यात, किती वाजता, हे सगळं बाबांना पाठ. शेतकरी विचारतात बाबांना आणि हात जोडतात मोठ्या बाबांना.

आणि मी? मी नागपूरला इंजिनीअरिंगला होतो. तिसऱ्या वर्षी सोडलं. का सोडलं ते तुम्ही तरी विचारू नका, विचारणारे पुष्कळ झाले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावात नदीवर दगड चालतात, दोन काठांची माणसं एकमेकांवर फेकतात, हे तुम्हाला माहीत असेलच. आमच्या घरी त्या दिवशी पंगतीत चालतात. नदीवर लागला तर निदान कोणी उचलून दवाखान्यात तरी नेते! मोठ्या बाबांनी पुरणपोळीवर तूप घेता घेता नेम धरला.

"तबला शिकला, सोडला. कराटे शिकला, सोडले. इंजिनीअरिंग तं अर्ध्यातच! अबे, जिंदगीत एक तरी काम पुरं करून दाखव ना. कोणतंही! मी म्हणतो, कोणतंही!"

कोणतंही. ऐकलं ना? साक्षीदार म्हणून सांगतो, पंगतीत चौदा माणसं होती.

बाबा शेजारीच बसले होते. मान खाली घालून वरण कालवत राहिले. भाऊ बोलला की बाबांना नेमकं तेव्हाच वरणात काहीतरी सापडते.

तर मी त्याच दिवशी ठरवलं. पुढच्या पोळ्यापर्यंत पन्नास वेगवेगळ्या बिअर चाखायच्या. एक पण दुसऱ्यांदा नाही. मोबाईलवर कोण्या परदेशी माणसाचं असं काहीतरी पाहिलं होतं, तो तर वर्षात शेकडो म्हणत होता. म्हटलं, आपण पांढुर्ण्याचे, आपल्याला पन्नास बस झाल्या. नवीन वही घेतली, शिवलेली, लांब. वरच्या पुठ्ठ्यावर प्रत्येक बाटलीची एक उभी रेघ. आत एका पानावर एक बिअर, पानाला क्रमांक. इंजिनीअरिंगच्या एकाही विषयाची माझी वही इतकी नीट नव्हती.

आता खरी गोष्ट ऐका. दुसऱ्याच बाटलीला मला कळलं की मला बिअर आवडत नाही.

हसू नका. कडुनिंबाची काडी चावून वरून सोडा प्यावा, तसं लागते. पण मोठ्या बाबांना उत्तर द्यायचं होतं ना! तिगावच्या बाजूला आमचं संत्र्याचं वावर आहे. तिथल्या हौदात बाटली थंड करायची, एक ग्लास प्यायचा आणि उरलेली कोपऱ्यातल्या झाडाला टाकायची. त्या झाडाला त्या साली असा बहर आला की विचारता सोय नाही. मोठे बाबा गिऱ्हाइकांना त्याचा फोटो दाखवत होते, "हे पाहा आपल्या दुकानाच्या खताची कमाल!"

पांढुर्ण्याच्या दारूच्या ठेक्यावर बिअरचे प्रकार पाच. सहावा मागितला तर तो म्हणाला, "भैया, ये भी ठंडी है, वो भी ठंडी है, फरक क्या है?" मग सौसर. सौसर संपलं, मग नागपूरला मित्राच्या खोलीवर. पण चवीचं लिहायचं काय? इंटरनेटवर ते लोक लिहितात, फळांचा सुगंध, भाजलेल्या धान्याची झाक. मला सगळीकडे कडुनिंबच! म्हणून पहिल्याच आठवड्यात एक युक्ती काढली होती. प्रत्येक बिअर कोणत्या माणसासारखी आहे, ते लिहायचं. आणि सुरुवातीला डोक्यात राग तर नुसता घरच्यांचाच होता. म्हणून पहिल्या चार पानांवर घरचेच बसले. एक, मोठे बाबा. दोन, आत्या. तीन, मामा. चार, बाबा.

चौथं पान लिहिलं तेव्हा पोळ्याला आठवडाही झाला नव्हता. ती मान खाली घातलेली अजून डोळ्यांसमोर होती.

सतराव्या बाटलीला बाबांनी मला पकडलं. रविवार होता, विहिरीवरची मोटार पाहायला वावरात आले. हौदात बाटली तरंगत होती, वही बांधावर पडली होती. पुठ्ठ्यावरच्या रेघा त्यांनी बोटानं मोजल्या. वही उघडली नाही. दुसऱ्याची वही उघडू नये, असं मानणारा आमच्या घरात तो एकच माणूस.

"सतरा का?"

"हाव."

"किती करायच्या?"

"पन्नास. पोळ्यापर्यंत." मग मी विचारलं, "मोठ्या बाबांले सांगता का आता?"

"त्यायले कायले सांगू? त्यायनंच तं म्हटलं होतं, एक काम पुरं कर म्हणून." बाबा मोटारीच्या खोलीकडे गेले आणि जाता जाता म्हणाले, "ग्लास धुवून ठेवजो."

तुम्हाला सांगतो, तेव्हापासून दर रविवारी बाबा एकच प्रश्न विचारायचे. "किती झाल्या?" बावीस. "किती झाल्या?" एकतीस. माझ्या सेमिस्टरचे मार्क त्यांनी असे कधी विचारले नव्हते. एकोणपन्नास झाल्या त्या रविवारी ते माझ्या शेजारी बांधावर बसले.

"मी आयुष्यात चाखली नाही कधी," ते म्हणाले. "दादाले वास आला असता तं? पन्नासावी आपण दोघं मिळून घेऊ. कीर्तीचं साक्षगंध होऊन जाऊ दे, मंग."

पन्नासावी मी नागपूरहून आणली, सगळ्यात महागाची. मोटारीच्या खोलीत पोत्याखाली ठेवली.

आता साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. कीर्ती म्हणजे माझी मोठी बहीण. मुलगा रामाकोन्याचा, शाळेत शिक्षक, माणूस चांगला. सौसर दोन्ही गावांच्या मध्ये पडते म्हणून कार्यक्रम तिथे, एका लॉनवर. ताईनं आदल्या दिवशी मला बाजूला घेतलं. कारण पसंतीच्या वेळी मुलाच्या काकांनी मला विचारलं होतं, "आपण काय करता?" आणि मी म्हटलं होतं, "काही नाही. तुम्ही काय करता?" ते काका रिटायर होते! माझा काय दोष?

"उद्या एक शब्द बोलू नको," ताई म्हणाली. "पाया पडते तुझ्या. एक शब्द नाही!"

मला राग आला. म्हटलं, ठीक आहे. नाही बोलत. एक म्हणजे एक नाही.

त्याच संध्याकाळी बाबांनी काम सांगितलं. आमच्याकडे साक्षगंधात माइकवरून घरच्या मोठ्यांची ओळख करून देतात. नाव पुकारलं की माणूस उभा राहतो, हात जोडतो आणि समोरच्या पक्षाचा तसाच नातेवाईक येऊन त्याला टोपी-दुपट्टा घालतो. मामाला मामा, काकाला काका. माइकवर वानखडे सर. ते रिटायर मराठी शिक्षक, सौसर-पांढुर्ण्यातलं कोणतंच कार्य त्यांच्याशिवाय होत नाही. बाबा म्हणाले, "आपल्याकडच्यांची यादी लिहून दे सरांले. एकेकाबद्दल दोन चांगल्या ओळी लिहिजो. तुले जमते लिहाले."

लिहिल्या. मोठ्या बाबांबद्दल पण चांगल्या लिहिल्या, बोटं दुखली. फक्त हाताशी वही एकच होती. तिच्यात मागच्या बाजूनं लिहिल्या. पानं फाडून द्यायची ना, म्हणाल तुम्ही. पण शिवलेल्या वहीचं मागचं पान फाडलं की त्याच्या जोडीचं पुढचं पान सुटते, आणि पुढे माझा क्रमांक एक होता. एकोणपन्नास पानं सलग झालेली! आयुष्यात पहिल्यांदा माझं काही सलग होतं. मी पान फाडीन?

सकाळी लॉनवर वानखडे सरांनी हात पुढे केला. "आण बाळ, यादी."

मी वही दिली. तोंडानं काही बोललो नाही. का? तर ताईनं सांगितलं होतं ना, एक शब्द नाही! मनात म्हटलं, आता पाहाच, कसा पाळतो शब्द! चार शब्दांचं काम होतं हो. सर, वही मागून उघडा. इतकंच.

मी मठ्ठ्याच्या ड्रमजवळ उभा होतो तेव्हा भोंग्यातून सरांचा आवाज आला.

"क्रमांक एक! मुलीचे मोठे बाबा!"

मी यादीत क्रमांक टाकले नव्हते.

मोठे बाबा उठले. हात जोडले, मान वर. "रंग सोनेरी! दिसायला भारदस्त! नाव मोठं!" टाळ्या पडल्या. मोठ्या बाबांची मान आणखी दोन बोटं वर गेली. "ओतताना फेस ग्लासाच्या बाहेर! आणि फेस बसल्यावर पाहावं तो..." इथे सर थांबले. त्यांना वाटलं, पुढे काहीतरी काव्य आहे. "...खाली दोन घोट!"

लॉनवर नुसता जनरेटरचा आवाज. मग मुलाकडचे ते रिटायर काका हसले. मग त्यांच्या मागची रांग. मग अख्खं रामाकोना!

तुम्ही म्हणाल, सरांना कळलं नाही का? अहो, ज्या माणसाच्या विनोदाला वर्गात चाळीस वर्षं कोणी हसलं नाही, त्याला एकदम दोनशे माणसं हसली, तर तो थांबेल का?

मी पळत सुटलो. मध्ये खुर्च्या, बायका, ताटं. फोटोवाल्यानं छातीवर हात ठेवला, "भैया, फ्रेम से हटो ज़रा!"

"क्रमांक दोन! मुलीच्या आत्या! पहिल्या घोटाला कडू. दुसऱ्या घोटाला वाटते, होईल सवय. नाही होत!"

हशा. आत्याचे यजमान सगळ्यात जोरात.

मी खुर्चीवर चढून दोन्ही हात हलवले. सरांनी पाहिलं. त्यांना वाटलं, पोरगं खूश होऊन दाद देऊन राहिलं. त्यांनी माइक आणखी जवळ घेतला.

"क्रमांक तीन! मामा! बाटलीवर लिहिलंय सात टक्के. पिणाऱ्याला एक पण सापडत नाही!"

आता लोक पोट धरून हसत होते. आणि मला चौथं पान आठवलं. खोटं कशाला सांगू, चौथं पान मी विसरूनच गेलो होतो.

"क्रमांक चार! मुलीचे वडील!"

बाबा उठले. नवीन पांढरा शर्ट, त्याची घडी अजून मोडली नव्हती. हात जोडले.

"झाकण काढलं तरी आवाज नाही. दुसऱ्याच्या फ्रिजमध्ये इतकी वर्षं ठेवली, की गॅस निघून गेला. चांगली होती असेल. कोणी वेळेवर उघडलीच नाही."

हसण्याची सवय लागली होती, म्हणून लोक याला पण हसले. बाबा हात जोडून उभेच होते. रिवाज तसाच आहे ना, दुपट्टा घालेपर्यंत बसायचं नाही. मुलाचे वडील हसत हसत आले, त्यांनी बाबांना टोपी घातली, दुपट्टा घातला. बाबांनी वाकून नमस्कार केला. मग बसले.

ताई स्टेजवरून उठली, सरांच्या हातातून वही घेतली आणि नवऱ्या मुलासमोरून चालत येऊन माझ्या हातात दिली.

"तुले म्हटलं होतं ना, एक शब्द बोलू नको."

"मी बोललो नाही ताई."

"हाव," ती म्हणाली. "लिहिलं."

साक्षगंध मोडलं नाही, काळजी करू नका. उलट ते रिटायर काका म्हणाले, लग्नात माइक या पोराकडेच द्या. मामांनी मला हात धुवायच्या नळाजवळ गाठून हळूच विचारलं, "तीन नंबरची कुठली होती बे? नागपूरची का?" आणि मोठ्या बाबांना अजूनही वाटते की ते सगळं वानखडे सरांनी रचलं होतं. सरांचं आमच्या दुकानात नुसतं उधारच नाही, सरळ येणं-जाणंच बंद!

परत येताना मी गाडीत बाबांच्या शेजारी बसलो. म्हटलं, "बाबा, ते चौथं पान जुनं आहे. पोळ्याच्या आठवड्यातलं. वावरात तुम्ही आले त्याच्या आधीचं."

बाबा खिडकीबाहेर पाहत होते. तिकडेच पाहत म्हणाले, "सर म्हणत होते, अक्षर चांगलं आहे तुझं."

बस. 

सरांनी चारच पानं वाचली. चाळिसावं पान वाचायला पाहिजे होतं. चाळिसावी शून्य टक्क्याची होती, नागपूरच्या एका मॉलमधली. बाटली बिअरची, झाकण बिअरचं, फेस बिअरचा, आत काहीच नाही. त्या पानावर वर नाव लिहिलंय, 'मी'. ते मात्र माइकवर आलं नाही. घरच्यांचं सगळ्यांनी ऐकलं, माझं राहून गेलं.

पोळा आला. पंगतीत मोठ्या बाबांनी तूप घेता घेता विचारलं, "काय बे, केलं का एखादं काम पुरं?"

"नाही," मी म्हटलं. वरण कालवत राहिलो.

पुठ्ठ्यावर अजून एकोणपन्नासच रेघा आहेत. पन्नासावी बाटली मोटारीच्या खोलीत पोत्याखाली आहे, तिची तारीख निघून गेली. बाबा दर रविवारी वावरात येतात, मोटार पाहतात, पाणी पाहतात, परत जातात. किती झाल्या, विचारत नाहीत.