धावेवरची हाक

उजाडायच्या आधीची ती करकर अजून माझ्या कानात आहे. विहिरीवरच्या लाकडी चाकाची करकर, तिच्यामागून दगडी थारोळ्यात कोसळणाऱ्या पाण्याचा भरदार ओला नाद, आणि त्या दोहोंमधली रिकामी जागा भरून काढणारी माणसाची लांबलचक हाक. आता आमच्या डाळजच्या शिवारात तेलाचे इंजिन धडधडते. ते कोणालाच ओळखत नाही. कोणीही यावे, फिरवावे, ते सुरू होते. सोय सोय म्हणतात ती हीच असावी. पण या सोयीने पहाटेचा आवाज असा काही एकसुरी करून टाकला आहे की जाग आली तरी कोणी आपल्याला जागे केले असे वाटत नाही.

ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांना एवढे सांगायला हवे, की बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासून उतरत जाणाऱ्या वाटेवरून, पुढे जातात तेव्हा पाण्याने भरलेली कातड्याची मोट वर येते. आणि मोट पुन्हा विहिरीत सोडायची तर त्यांना तीच धाव उलट्या पावलांनी चढावी लागते. पाठीमागे काळीशार विहीर, तोंड मात्र शेताकडे! एक पाऊल जास्त पडले तर काय, हे त्या मुक्या जिवांना कोणी सांगितलेले नसते आणि तरी ते ठाऊक असते. मग ते मागे येतात ते कशाच्या भरवशावर? मागून येणाऱ्या त्या एका आवाजाच्या. माणसांना तरी असा भरवसा आयुष्यात किती वेळा भेटतो?

आमच्या विहिरीवरचा तो आवाज तात्यांचा होता. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. आईवडील माझे लवकर गेले, त्यामुळे मला वाढवले ते तात्या आणि काकी यांनीच. त्यांना मूलबाळ नव्हते. होती ती बैलांची जोडी, हौश्या आणि कैऱ्या, आणि तिसरा मी. तिघांत बुद्धीने मी उजवा ठरलो म्हणून मला शिकायला बारामतीला धाडले, असे काकी गंभीर चेहऱ्याने सांगत असे.

स्वराज्य येऊन चारसहा वर्षे झाली असतील. मी बारामतीला नुकताच मास्तर झालो होतो. बांधावरच्या एका भांडणात तात्यांच्या हातून भावकीतल्या माणसाचा हात मोडला आणि कोर्टाने त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी दिली. तात्यांनी काही नाकारले नाही. पुण्याच्या तुरुंगात त्यांना नेले, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात ‘पुणे’ हा शब्द उच्चारायचा बंद झाला. गावात कोणी विचारलेच तर ‘तिकडं हायती’ एवढेच उत्तर. पण विचारणार कोण?

घरात मृत्यू झाला तर काय करायचे हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. शेजारचे पिठले-भाकरी आणतात, सोयरे येऊन बसतात, तेराव्या दिवशी गोड जेवून मंडळी पुन्हा जगायला लागतात. तुरुंगात गेलेल्या माणसासाठी मात्र शास्त्राने काहीच सांगून ठेवलेले नाही! त्याचे सुतक कधी फिटायचे? त्याच्या बायकोशी काय बोलायचे? लोकांना ते सुचत नाही, म्हणून लोक येतच नाहीत. काकीच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होते, हळदीकुंकवाला तिला बोलावणेही येई; पण ते येई दिवेलागण होऊन गेल्यावर, बाकीच्या बायका उठून गेलेल्या असताना. एकमेकांच्या रानात बैल-माणसे घेऊन राबायची आमच्याकडे रीत आहे, तिला सावड म्हणतात. त्या वर्षी आमच्या सावडीला कोणी आले नाही. कोणी वाईट बोलले नाही, कोणी दार लावून घेतले नाही. फक्त आमच्या घराकडे येणारी वाट हळूहळू गवताने बुजत गेली.

आणि अशात मोट थांबली. विहिरीखाली वांग्यांचा पट्टा होता, त्यावरच घर चालत होते. भिगवणच्या बाजारात आमची वांगी ओळखून घेणारी गिऱ्हाइके होती. शनिवारी मी घरी आलो, पाने माना टाकून उभी असलेली पाहिली, आणि कर्तव्याच्या जाणिवेने धोतराचा काचा मारून धावेवर चढलो. बैल पुढे गेले. मोट वर आली, थारोळे भरले. मला वाटले, यात अवघड ते काय? मग मी शाळेत कवायतीला वापरतो त्या आवाजात त्यांना मागे सरायची आज्ञा दिली. कैऱ्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले. वर्गातल्या पोरांनी माझ्याकडे अनेकदा तसे पाहिले आहे, पण इतक्या मोकळेपणाने नाही. मी आज्ञा दिली, विनवले, शेवटी आपण तिघे एकाच घरची लेकरे आहोत अशीही आठवण दिली. हौश्या खाली बसला.

महिनाभराने भेटीची परवानगी मिळाली. मी काकीला भिगवण स्टेशनावरून पुण्याला घेऊन गेलो. गाडीभर तिने तात्यांना सांगायच्या गोष्टी मनात लावून ठेवल्या असाव्यात, कारण तिचे ओठ हलत होते. जाळीपलीकडे तात्या आले तेव्हा डोक्यावरचे केस बारीक कापलेले, अंगावर ते पट्ट्यापट्ट्यांचे कापड. अलीकडे-पलीकडे इतकी माणसे एकदम बोलत होती की कोणाचेच कोणाला कळू नये. काकी लावून ठेवलेले सगळे विसरली. तात्यांनीही तिला कशी आहेस म्हणून विचारले नाही.

“बैल मागं येत्यात का?” त्यांनी विचारले.

“न्हाय येत,” काकी म्हणाली.

तात्या पुढे सरकले. मग जाळीला तोंड लावून म्हणाले, “त्यांस्नी मागचं दिसत न्हाय. हाक हाय तवर हीर लांब हाय, एवढंच त्यांला कळतं. तू आवाज तोडू नगं.”

आणि त्यांनी ती हाक दिली. हळू, घशातल्या घशात; पण ती निघाली तशी आजूबाजूची बोलणी विझत गेली आणि दाराशी उभा शिपाईसुद्धा क्षणभर शेतकऱ्याचा पोर झाल्यासारखा दिसला. मग वेळ संपली. नवराबायकोची महिन्याभराची भेट ती एवढीच. परतीच्या गाडीत काकी खिडकीशी बसून दौंड येईपर्यंत ओठातल्या ओठात तो सूर धरीत होती, आणि मी, पदवीपर्यंत जाता जाता राहिलेला मनुष्य, डब्यातल्या बाया तिच्याकडे बघत होत्या म्हणून शरमून दाराकडे बघत होतो.

बाईने मोट हाकायची आमच्याकडे रीत नाही. काकीने पदर खोचला आणि हाकली. आधी तिने तात्यांचाच जाड आवाज काढायचा प्रयत्न केला. भावकीतले एक म्हातारे आबा बांधावर उभे राहून म्हणाले, आवाज तर नवऱ्याचा काढलास, मिशा कधी लावणार? माझी मूठ आवळली, पण काकी कासरा न सोडता म्हणाली, “मिशा सरकारनं नेल्या, आबा. आवाज तेवढा मागं ऱ्हायलाय.” आबा पुन्हा त्या बांधावर आले नाहीत.

हौश्या आधी फसला. कैऱ्या फसला नाही. तो थांबला, ऐकत राहिला, आणि काकी दमून तो उसना आवाज टाकून स्वतःच्या आवाजात हाक देऊ लागली तेव्हा कुठे एक पाऊल मागे आला. तेव्हापासून तिने नक्कल सोडली. तिची हाक बारीक होती, किंचित चिरलेली, आणि सुरू झाली की बैल विहिरीच्या काठाशी येईपर्यंत तुटत नसे. मी सुटीत घरी येई तेव्हा अंथरुणात पडून ती ऐकत असे. हळूहळू माझ्या लक्षात आले, की दिवसभरात ही बाई जे काही बोलते ते एवढेच. घरी बोलायला कोणी नव्हते, दारी कोणी येत नव्हते. तिने सगळे बोलणे साठवून पहाटे त्या दोन बैलांच्या पाठीमागे उभे राहून एका शब्दहीन सुरात सांगून टाकायचे ठरवले होते की काय? आणि ते दोघे, पुढ्यात शेत आणि मागे विहीर घेऊन, ते ऐकत ऐकत तिच्याकडे येत.

तात्या सुटून आले ते उन्हाळ्यात. भिगवणला उतरले आणि रस्ता सोडून रानारानाने घरी आले. काकीने भाकर-तुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावले, आणि त्यांना बसायला घोंगडी घातली. पण कोणी उंबऱ्यात आले की तात्या उठून उभे राहत. मी, त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेला, पाणी मागायला आत गेलो तरी ते उभे राहिले. बोलणे इतके हलके झाले होते की समोरच्याला वाकून ऐकावे लागे.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते मोटेवर गेले. बैल पुढे गेले, मोट रिकामी झाली. तात्यांनी हाक दिली. हाक मध्येच खाली बसली. बैल जागचे हलले नाहीत. त्यांनी पुन्हा दिली. हौश्या-कैऱ्याचे कान वळले ते वांग्यांच्या पट्ट्याकडे, जिथे काकी पाणी वळवायला उभी होती. साऱ्या रानाला कळावे इतके स्पष्ट! तात्यांनीही ते पाहिले. काकीने खाली पाहिले आणि पदराचे टोक दातांत धरले.

असे किती दिवस गेले ते मला नेमके आठवत नाही. ऊन कडक होते आणि वांगी फुलावर आलेली होती एवढे आठवते. रोज पहाटे तात्या धावेवर उभे राहत, रोज हाक मध्ये तुटे, आणि रोज काकी तोंडात पदर धरून कोरड्या सरीत उभी राहे. फुले गळायला लागली. माझ्यातला हिशेबी मास्तर न राहवून तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, काकी, एक हाक दे की, सगळा पट्टा जाईल.

तिने पदर दातांतून काढला. “जाऊ दे,” ती म्हणाली. “वांगी परत लावता येत्यात.”

एवढे बोलून तिने पदर पुन्हा दातांत धरला. मी, शिकलेला मनुष्य, तिथून घराकडे वळलो.

अर्धा पट्टा गेला. मग एका पहाटे मला करकर ऐकू आली, पाण्याचा नाद ऐकू आला, आणि त्यांच्यामागून तात्यांची हाक. खरखरीत, थरथरती, पण न तुटणारी. ती चालूच राहिली. मी धावत गेलो तेव्हा कैऱ्या मागे येत होता, त्याच्या जोडीने हौश्या. काकी सरीतून घराकडे निघाली होती, पाठमोरी. चूल पेटवायची होती म्हणे.

त्यानंतर तिची हाक कोणी ऐकली नाही. आमच्या घरातल्या कोणी तिला विचारलेही नाही, की एवढा मोठा आवाज तू ठेवलास कुठे? सुटून आलेल्या माणसाचे काय काय परत मिळाले याची चौकशी जग करते. वाट पाहणाऱ्याने त्यासाठी काय परत दिले, ते विचारायची रीत नाही.

बैलांनी मात्र विचारले. संध्याकाळी रानातून परतताना स्वयंपाकघराच्या दाराशी आले की दोघे आपोआप थांबत आणि कान टवकारीत. आत भाकरी थापणाऱ्या बांगड्या तेवढ्यापुरत्या थांबत. तात्या कासरा सैल सोडून, जमिनीकडे बघत उभे राहत. त्यांनी त्या दाराशी बैलांना कधी हाकलले नाही. मग आत बांगड्या पुन्हा वाजू लागत, आणि ते तिघे गोठ्याकडे जात.

इंजिनाच्या धडधडीतही कधी पहाटे मला ती करकर ऐकू येते, थारोळ्यात पाणी पडते, आणि हाक येते. मी डोळे मिटून ती ओळखायचा प्रयत्न करतो. ती तात्यांची असायला हवी. पण ती बारीक असते, किंचित चिरलेली. आणि ती न तुटता चालू असते तोवर मीही, मागे काय आहे ते न बघता, एकेक पाऊल मागे जात राहतो.