नवी पितळी की

सकाळचं ऊन नेमकं माझ्या नव्या मोर्स कीवर, म्हणजे टिंबं-रेघांत संदेश धाडायच्या खटक्यावर, उतरलं आणि पितळ असं झळाळलं, की हातातला चहा तसाच राहिला. घरच्या रेडिओ संचावरून दूरदूरच्यांशी बोलणाऱ्या आम्हा हौशी रेडिओवाल्यांना हे वेडच. बायको म्हणते, "सगळ्यांतून कडकट्टच येतं ना? मग आणखी एक कशाला?" तिला कसं सांगू, प्रत्येक की बोटाखाली वेगळी दबते, ही तर लोण्यासारखी.

कारवारच्या मित्राला हाक द्यायला बसलो. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. सगळी ओळख टिंबांची आणि रेघांची. इतक्या सुबक कीवर माझा हात त्याला परका तर वाटणार नाही ना, अशी धाकधूक होती. पण माझी कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं माझं नाव, पुरी होण्याआधीच तो मध्ये घुसला, "शेवटची रेघ अजून तशीच लांबवतोस, लेका! टिंबं मात्र सुबक येतायत, नवी की वाटतं?"

पेन बदललं तरी अक्षर थोडंच बदलतं! माणूस आपल्या लकबीत किती सुखानं राहत असतो. मी हसतच होतो, तोवर त्याचा पुढचा प्रश्न आला, "आता पुढची कुठली बघून ठेवलीस?"

मी हळूच मोबाइल पालथा घातला. त्यावर आणखी एका कीचा फोटो उघडाच होता.