पडद्यावरची सिस्टर शर्मा

"आगे क्या लगाती हैं आप?"

पडद्यावरचे काका मला विचारत होते. निवृत्त अधिकारी, हृदयाच्या दुखण्यातून उठून गाझियाबादच्या घरी गेलेले. मी दिल्लीच्या रुग्णालयात लॅपटॉपसमोर बसलेली नर्स. घरी गेलेल्या रुग्णांवर व्हिडिओ कॉलवरून लक्ष ठेवलं तर त्यांची तब्येत लवकर सुधारते का, यावर आमच्याकडे संशोधन चालू होतं. मी त्यांना पायावरची सूज दाखवायला सांगितली. त्यांनी आधी आडनाव मागितलं.

मी सांगितलं. मराठी आडनाव, त्यांना काही उलगडेना. "ये कौन लोग होते हैं?" तेही सांगितलं. लपवायचं काय त्यात?

त्यांनी पाय चादरीखाली ओढून घेतले आणि मान वळवून सुनेला म्हणाले, "दूसरी सिस्टर से बात कराओ."

मी कुठे, ते कुठे. मध्ये काच. पूर्वी सावलीनं विटाळ व्हायचा म्हणतात. आता इंटरनेटनंही होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

संशोधनाचे मुख्य डॉक्टर आपलेच, पुण्याचे. मयूर विहारच्या त्यांच्या सोसायटीतल्या गणपतीला मला अगत्यानं बोलवायचे. "परक्या मुलखात आपली माणसं आपणच," म्हणायचे. मला वाटलं, सर चिडतील. माझी बाजू घेतील.

सर म्हणाले, "बाळ, मनावर घेऊ नकोस. रुग्ण गळाले तर अभ्यासच बसेल. तू कॅमेरा बंद ठेव. आवाज छान आहे तुझा. आणि नाव... शर्मा टाकू या. बिल्कुल साधी गोष्ट आहे."

नाव त्यांनी स्वतः टाइप केलं. माझी नोकरी कंत्राटी. मी बघत राहिले.

मग त्याच काकांशी मी नुसता आवाज होऊन बोलू लागले. औषधं, वजन, मीठ, सूज. "शर्मा जी, आपसे बात करके ही आधी बीमारी चली जाती है," असं ते म्हणायचे. तोंड भरून आशीर्वाद द्यायचे. त्यांची तब्येत खरंच सुधारत होती. मला आनंद व्हायचा, आणि मग त्या आनंदाचीच चीड यायची.

रुग्णांना आम्ही एक प्रश्न विचारायचो: तुमचा तुमच्या नर्सवर विश्वास आहे का? एका बैठकीत सरांनी त्याचा आलेख भिंतीवर दाखवला. रेघ वर वर चढत गेलेली.

"ही आपल्या सिस्टर शर्माची कमाल! टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. काही जणी हसल्या. माझ्या डोक्यात सणक गेली. मी उठले.

"सर, हा विश्वास माझ्यावर नाही. शर्मावर आहे. शोधनिबंधात लिहा, की नर्सचा चेहरा झाकला, जात बदलली, तेव्हा रुग्णांचा विश्वास वाढला."

सर जवळ आले, आवाज खाली आणून म्हणाले, "अगं, घरातली गोष्ट चारचौघांत कशाला? आणि जातबीत रिसर्चमध्ये कुठून आली?"

"तुम्हीच आणलीत, सर. टाइप करून."

बाहेर येऊन मी लॅपटॉप उघडला. शर्मा खोडलं. आडनावासकट माझं नाव लिहिलं. कॅमेरा सुरू केला आणि काकांना कॉल लावला. ते बघतच राहिले. आवाज ओळखीचा, तोंड नकोसं.

"आप... शर्मा जी?"

"कोई शर्मा नहीं है, अंकल. शुरू से मैं ही थी. पैर दिखाइए."

त्यांनी कॉल कापला. मी परत लावला. परत कापला. मग सुनेला फोन करून औषधाच्या वेळा सांगितल्या. ते माझं काम आहे, ते मी सोडणार नव्हते.

मला त्या अभ्यासातून काढलं. निबंध छापून आला. त्यात आलेख आहे, माझं वाक्य नाही. रुग्णालयाच्या नीतिसमितीकडे मी तक्रार दिली आहे. विचार चालू आहे, म्हणतात. मीही मागे लागलेली आहे.

आता दुसऱ्या रुग्णालयात मी हेच काम करते. चेहरा उघडा, नाव पूर्ण. ज्याला माझा विटाळ होतो त्यानं खुशाल कॉल कापावा. मी दर वेळी अहवालात लिहिते: नर्सच्या जातीमुळे रुग्णानं उपचार नाकारले. लिहीतच राहणार. तुमच्या विश्वासाची रेघ खाली येईल. येऊ दे. खोट्या नावावर मी ती पुन्हा वर चढू देणार नाही.