पिशवीतली लघवी

“कोलिस्टिन सुरू करतोय. हो म्हणा,” डॉ. सालिम फोनवर म्हणाले. ते आमच्या मस्कतच्या हॉस्पिटलातल्या मुलांच्या वॉर्डचे प्रमुख. मी तिथलीच मायक्रोबायोलॉजिस्ट, म्हणजे जंतूंची डॉक्टर. कोलिस्टिन हे अगदी शेवटचं अँटिबायोटिक. ते द्यायचं तर माझा होकार लागतो. त्यामुळे वॉर्डात मी कुणाची फारशी लाडकी नाही.

“आधी बाळ बघते,” मी म्हटलं.

“बाळ बघून काय करणार? रिपोर्ट तुमच्याच लॅबचा आहे!”

खरंच होतं ते. दहा महिन्यांचा रय्यान. लघवीत क्लेबसिएला नावाचा जंतू, आणि इतका निर्ढावलेला की कोलिस्टिन सोडून कुठल्याच औषधाला दाद देईना. ताप एकशे तीन. त्यात रय्यानला जन्मापासून एकच किडनी. इन्फेक्शन खरं असलं आणि औषध दिलं नाही, तर ती किडनी जाणार. इन्फेक्शन नसलं आणि कोलिस्टिन दिलं, तर त्या औषधानेच ती जाऊ शकते. इकडे आड, तिकडे विहीर.

त्याला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. असला जंतू आपल्या हातांवरून शेजारच्या खाटेवर पोचतो, म्हणून गाऊन-ग्लव्ह्ज घालूनच आत जायचं. त्याची आई, रुबिना, त्यावरच चिडून बसली होती. नवऱ्याचं मस्कतपासून दोन तासांवरच्या खाबुरा गावात दुकान, माहेर-सासर दोन्ही रत्नागिरीकडचं. माझं मराठी ऐकलं आणि बाईने सगळा राग माझ्यावरच काढला.

“आमी काय घाणीतून आलो काय, मॅडम? सगळे झबली घालून येतात!”

“तुला नाही गं, त्या जंतूला घाबरतात.”

रय्यान तिच्या मांडीवर बसून माझा ग्लव्ह ओढत होता. अंग तापलेलं, पण दूध पीत होता, हसत होता. इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलेलं बाळ सहसा असं खेळत नाही. पण नुसत्या ‘सहसा’वर मी नाही कशी म्हणणार?

“मधे गावी गेला होतात?”

“ईदला. तिकडे न्युमोनिया झाला. ॲडमिट केला, भारी भारी इंजेक्शनं दिली.”

आता कुठे डोक्यात प्रकाश पडला. भारी इंजेक्शनांनी आतड्यातले साधे जंतू मरतात, निर्ढावलेले तेवढे उरतात. ते तिथे गपगुमान मुक्काम करतात, त्रास देत नाहीत. मग लघवीत कसे आले?

“इथे लघवी कशी घेतली?”

“ती चिकटवायची पिशवी नाय का, ती लावली. लय वेळ केलीच नाय. मग शी नि सू एकदमच केलान. परत लावायची तर रडून जीव नको करतो. तीच दिली.”

माझं डोकंच सटकलं. शीतला जंतू लघवीच्या बाटलीत, आणि आम्ही इमानेइतबारे त्याचं कूळ शोधत बसलो!

“नळी घालून नवी लघवी घ्या, रक्तही कल्चरला पाठवा,” मी सालिमना सांगितलं. “तोवर कोलिस्टिन नाही.”

“आणि किडनी गेली तर?”

“तर दोष माझा.”

बोलून गेले खरी, आणि तडक लॅबमध्ये जाऊन बसले. नव्या लघवीत मायक्रोस्कोपखाली पू दिसला नाही. चांगली खूण. पण शिक्कामोर्तब कल्चरचं, आणि प्लेटवर जंतू उगवतो की नाही, हे वाट बघूनच कळतं.

दुसऱ्या दिवशीही ताप हटेना. बाप, अश्फाक, खाबुऱ्याहून धावत आला.

“गावच्या डॉक्टरने लगेच इंजेक्शन दिला. तुमच्याकडे औषध हाय, नि देत नाय?”

“अहो, त्याच औषधाने किडनी जाऊ शकते.”

“नि तापाने गेली तर?”

सालिम म्हणाले, “उद्या सकाळपर्यंत थांबतो. मग खलास, मी सुरू करणार.” मी मान डोलावली.

सकाळी लघवीची प्लेट कोरी होती. रक्तातही काही नाही. मी धावतच वॉर्डात गेले, तर रुबिना रडत होती.

“बघा, काय झालं माझ्या पोराला!”

रय्यानच्या छाती-पाठीवर गुलाबी पुरळ उठली होती. अंगाला हात लावला, गार. मला हसूच फुटलं. तेव्हा हसायला नको होतं. हा रोझिओला. तान्ह्या मुलांचा साधा व्हायरल ताप. ताप उतरतो आणि मग पुरळ येते. अँटिबायोटिकचा त्यात काही संबंध नाही.

सालिमनी पुरळ नीट निरखली. “अल्हमदुलिल्लाह,” म्हणाले, आणि नर्सकडे वळून, “कल्चरला पिशवीतली लघवी यापुढे बंद.”

घरी सोडताना अश्फाकने विचारलं, “मग तो जंतू?”

“आतड्यात आहे. राहू दे.”

“त्याला औषध?”

“औषध दिलंत तर बाकीचे मरतील आणि त्यालाच रान मोकळं. उगाच अँटिबायोटिक मागू नका. आणि कुठेही ॲडमिट केलंत तर हा जंतू आहे, हे आधी सांगा.”

“म्हणजे पोराला इतके दिवस ठेवलात, नि औषध एकपण नाय?”

“एकपण नाय,” मी म्हटलं.

तो तोंड वाकडं करूनच गेला. जंतू सापडला म्हणजे आजार सापडला असं नाही, हे मला पाठ आहे. त्याला कुठून असणार? औषध दिल्याचे आभार मानतात, न दिल्याचे कुणी मानत नाही. किडनी शाबूत आहे, मला तेवढं पुरे.