न चाखलेली भाजी

मालन राऊत घाबरट होती, आणि हे तिला स्वतःला पक्कं ठाऊक होतं. कुलूप लावून जिना उतरायची, परत वर जायची, कुलूप ओढून बघायची. डोंबिवलीच्या त्या इमारतीत तिच्या चपलांचा हा दुहेरी आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता.

वागळे इस्टेटमधल्या एका औषधांच्या कंपनीत ती तीस वर्षं पॅकिंगला होती. पट्ट्यावरून गोळ्यांच्या स्ट्रिपा सरकत यायच्या. एखाद्या खणात गोळी नसली की ती स्ट्रिप उचलून बाजूला टाकायची, एवढंच काम. पण त्या रिकाम्या खणाची धास्ती ती झोपेतही घ्यायची. आपल्या नजरेतून एक निसटला आणि कुठे कोणी माणूस त्यापायी मेला तर? तीस वर्षांत एकही निसटला नाही. लग्न राहून गेलं, आई गेली, आणि मग कंपनीने पॅकिंग दुसऱ्या राज्यात हलवलं. मालन छप्पन्नाव्या वर्षी रिकामी झाली.

तेव्हा तिच्या भाचीने, प्राचीने, ती शेतांची गोष्ट सांगितली. "आत्या, सेंद्रिय शेती करणारे लोक असतात. सकाळी चारपाच तास त्यांच्याकडे काम करायचं, राहणं-जेवण त्यांचं. असं करत लोक अख्खा देश फिरतात."

"म्हणजे गाडीभाडं आपण भरून दुसऱ्याकडे मजुरी?" प्राचीचा बाप, म्हणजे मालनचा भाऊ सुदेश हसला. "मग माझ्याकडेच ये की. आमची भांड्यांची बाई गावी गेलीये."

तरी पुढच्या महिन्यात मालन मुरबाडकडे एका शेतावर पंधरा दिवस राहून आली. तिथे शेणात हात घातले, गांडूळखत चाळलं, आणि एका पहाटे उठल्यावर तिच्या लक्षात आलं की काल झोपताना आपण दाराची कडी दोनदा पाहिली नाही. मग वाड्याला दुसरं शेत. तिला खरं जायचं होतं कुमाऊंला. तिथल्या एका जर्दाळूच्या बागेचा फोटो तिच्या मोबाइलमध्ये होता; खिडकीतून बर्फाचा डोंगर दिसत होता. ती माणसं तिला घ्यायला तयार होती, फक्त आधीच्या तीन यजमानांची चार ओळींची चिठ्ठी मागत होती. दोन मिळाल्या होत्या.

तिसरं शेत घोडबंदर रोडच्या मागे, येऊरच्या डोंगराला टेकलेलं. व्हिक्टोरियाबाईंचं. वय बाहत्तर, आवाज पोलिसाचा. त्यांचा मुलगा आर्थर शेती बघायचा. मालनखेरीज कामाला आलेला आणखी एक जण होता, विनीत, कल्याणचा, नोकरी सोडून काही तरी शोधत हिंडणारा पंचविशीतला मुलगा. आणि भीमाबाई होती. वरच्या पाड्यावर राहायची, सकाळी शेळ्या घेऊन जायची.

जूनचा दुसरा आठवडा होता. बांधापलीकडे, कुजलेल्या पानांतून, जांभळट तपकिरी कोंब वर आले होते, सुरळी करून उभे. मालन थबकली. शेवळं! दर जूनमध्ये ही रानभाजी आईसाठी ती कल्याणच्या बाजारातून गवताने बांधलेल्या जुड्या आणायची. जमिनीतून उगवलेली मात्र ती आज पहिल्यांदाच बघत होती.

"तुला करता येतात?" व्हिक्टोरियाबाईंनी विचारलं.

"येतात की," मालन म्हणाली.

दोन आठवडे ती इथे सगळ्यांच्या मागे होती. विनीतपेक्षा हळू, आर्थरला विचारून विचारून. एखादी गोष्ट आपल्याला येते असं सांगायला मिळालं, आणि जीभ पुढे धावली. वास्तविक आईने तिला शेवळांना कधी हातच लावू दिला नव्हता. "खाज येते, तू लांब हो, काकडं तेवढी दे," असं म्हणायची. काकडं म्हणजे ती आंबट हिरवी फळं, शेवळांच्या बरोबरीने घालायची. मालनने तीस-चाळीस वर्षं काकडं दिली होती आणि वाढलेलं खाल्लं होतं.

इथे काकडं नव्हती. तिने चिंच घातली. सालं काढली, बाकीचं सगळं बारीक चिरलं, तेलावर परतलं, वाल घातले. वास हुबेहूब आला.

"तूही बस गो," व्हिक्टोरियाबाई ताट ओढत म्हणाल्या.

"आज संकष्टी आहे माझी."

"तुझा देव आज उपाशी ठेवतो, माझा शुक्रवारी. दोघांनी ठरवून एकच दिवस घेतला असता तर गॅस तरी वाचला असता."

विनीत हसला. आर्थरने दोनदा भाजी घेतली. मालन उभ्याने वाढत होती. उपासाच्या दिवशी भाजी चाखायची नाही, मीठ वासावरून ओळखायचं, हे तिच्या हाताला लहानपणापासून ठाऊक होतं.

पहिल्यांदा विनीतने घसा खाकरला. मग पाणी प्यायला, मग पुन्हा प्यायला. "मावशी, मिरची नाही ना ही? टोचतंय काही तरी." आर्थर जीभ दातांवर घासत होता. व्हिक्टोरियाबाईंनी ताट बाजूला सारलं. त्यांनी हात गळ्याशी नेला. खालचा ओठ फुगत चालला होता, बघता बघता, जणू आतून कोणी तरी फुंकत होतं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, तर त्या पोलिसी आवाजाच्या जागी एक बारीक शिट्टी आली.

"मालनताई, शेवळंच होती ना ती?" आर्थरने आईला उचलता उचलता विचारलं.

"हो," ती म्हणाली. आणि मग, "म्हणजे, तशीच दिसत होती."

आर्थरने तिच्याकडे एकदाच पाहिलं. जीप सुरू झाली. विनीत मागे व्हिक्टोरियाबाईंना टेकू देऊन बसला, स्वतः खोकत. धूळ खाली बसली तेव्हा अंगणात मालन एकटी उभी होती. ठणठणीत. चौघांत ठणठणीत असलेली ती एकटीच.

ती स्वयंपाकघरात परत आली. तीन उष्टी ताटं, कढईत वाटीभर भाजी. सापकांदा नावाचं काही तरी असतं, विषारी, आणि उगवताना तेही असंच फणा काढून येतं, हे तिने कुठे तरी ऐकलं होतं. कुठे, ते आठवेना. कढईतले तुकडे चकाकत होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली, पूर्वी पट्ट्याकडे बघायची तशी; फरक इतकाच की आता पट्टा थांबला होता आणि निसटलेला खण घोडबंदर रोडवरच्या गर्दीत कुठे तरी श्वास ओढत होता. आणि एवढ्यात तिच्या मनात आलं, आता चिठ्ठी नाही मिळायची. हा विचार आपलाच, हे कळल्यावर तिला स्वतःची किळस आली.

तिने कढई पुढे ओढली आणि बोटांनी भाजी खाल्ली. एक घास, दुसरा, तिसरा. उपास मोडला याचं काही वाटलं नाही. विष असेल तर ते आपल्याही पोटात जायला हवं, एवढंच तिला वाटत होतं.

आधी काही झालं नाही. मग घशात एक सुई, मग शंभर. जीभ जाड झाली, तोंडात मावेना. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ती जमिनीवर बसली आणि श्वास मोजू लागली. प्रत्येक श्वास आधीच्यापेक्षा अरुंद वाटत होता, आणि तो खरोखरच अरुंद होता की भीतीने, हे तिला ओळखता येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा घाबरायला खरं कारण होतं, आणि ही भीती जुन्या भीतीसारखीच होती, तसूभरही मोठी नाही.

दारात सावली पडली. "काय गं बाय, अशी काय बसलीस?" भीमाबाई शेळ्या बांधून आली होती.

मालनने कढईकडे बोट दाखवलं. मग कोपऱ्यातल्या उरलेल्या चार कोंबांकडे. भीमाबाईने एक उचलला, सुरळी उलगडली, आतला दांडा निरखला, हुंगला. इतका वेळ लावला की मालनला ओरडावंसं वाटलं.

"शेवळंच हाये," ती म्हणाली. मग खतखड्ड्याजवळ जाऊन सालं काठीने उकरून आली. "आन् आतलं पिवळं कुठं टाकलंस?"

मालनने मान हलवली. नव्हतं टाकलं.

"पिवळं खाऊ घातलंस? खाज त्यातच असते. आन् ती मारायला काकड?" पुन्हा मान. भीमाबाईने कपाळावर हात मारला. "अगं, मग जनावर पन नाय खानार! काय शिकवलं तुझ्या आयशीनं?"

फोन वाजला. आर्थर. "ताई, डॉक्टर विचारतायत, नक्की काय होतं ते सांगा. लवकर!" मालनने तोंड उघडलं. नुसती हवा आली. तिने फोन भीमाबाईच्या कानाला लावला.

"शेवळं हायेत रे, शेवळं!" भीमाबाई फोनमध्ये ओरडली. "दुसरं काय नाय. साफ नाय केली हिनं, पिवळं तसंच ठेवलंय. हां. मी बघितलं ना डोळ्यांनी."

संध्याकाळपर्यंत मालनच्या जिभेची सूज उतरली, तेव्हा पुन्हा फोन आला. इंजेक्शनं दिली होती, सूज उतरत होती. रात्रभर ठेवून घेणार होते. "मम्मी बोलली," आर्थर म्हणाला. "काय बोलली ते नाही सांगत."

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हिक्टोरियाबाईंना घेऊन आर्थर आणि विनीत आले. मालनने पिशवी भरून ओट्यावर ठेवली होती. व्हिक्टोरियाबाई खुर्चीत बसल्या, तिला समोर उभं केलं. आवाज अजून फाटका होता.

"येतात म्हणालीस."

"येत नव्हती," मालन म्हणाली. तिचाही आवाज घोगरा होता. "आईच साफ करायची. मी फक्त खात होते. मला काही तरी येतं, असं कोणाला तरी सांगायचं होतं."

व्हिक्टोरियाबाईंनी ओट्यावरच्या पिशवीकडे पाहिलं. "मी जन्मात खाणार नाही. पण शिकणं अर्धवट ठेवून माझ्या घरातून जायचं नाही. आर्थर, भीमाबाईला हाक मार."

भीमाबाईने वरून काकडं आणली. मालनच्या हातांना खाज सुटली तरी तिने दर कोंब उभा चिरला, पिवळं खरवडून काढलं, आणि प्रत्येक तुकडा भीमाबाईच्या नाकासमोर धरला. "कितीदा दाखवशील?" भीमाबाई करवादली, "आंधळी नाय मी." तरी मालनने दाखवला. तेलात तासभर शिजवलं. काकडांचा आंबट वास घरभर झाला.

मग एकच ताट वाढलं. मालन खाली बसली, आणि बाकीचे तिच्या भोवती. पहिला घास तिने जिभेवर घोळवला. तिने गिळला. दुसरा घेतला. विनीतने मोबाइलवर वेळ लावली. सगळे तिच्या ओठांकडे बघत होते, आणि ती आपल्या घशात एकेक टोचणी शोधत होती. एक सापडली असं वाटे, मग ती नसे.

अर्धा तास झाला. विनीतने आपलं ताट पुढे केलं. आर्थरने थोडं थांबून. व्हिक्टोरियाबाईंनी मानेनेच नाही म्हटलं. पण खुर्ची मागे न सारता, मालन वाढते कशी ते बघत तिथेच बसून राहिल्या.