हाड घाल, महाराजा

"इथं हाडच नाहीये."

डॉक्टरीणबाई हे इतक्या शांतपणे म्हणाल्या, की मला वाटलं दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय. पण स्क्रीनवर जबडा माझाच होता. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा सगळ्या बाजूंनी काढलेला स्कॅन. पुढचे दोन दात पडले होते तिथं हाड सुरीच्या पात्याएवढं उरलेलं.

मी गेलो होतो इम्प्लांटला, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर पक्का दात लावायला. आज स्क्रू, उद्या दात, अशा थाटात.

"आठ वर्षं काढती कवळी वापरलीत ना? दाताचं मूळ गेलं की तिथलं हाड झिजत जातं."

आठ वर्षं माझ्याच तोंडात चोरी चालली होती आणि मला पत्ता नाही.

चारकोपला घरी येऊन बायकोला सांगितलं. ती कणकवलीची. कुर्ल्यांच्या नांग्या साफ करता करता म्हणाली, "तुमच्या जिभेक हाड नाय, ह्यां माका लग्नापासून ठावक. आता जबड्यात पण नाय?"

उपाय होता बोन ग्राफ्ट, हाडाची भर. जबड्याच्या मागच्या कोपऱ्यातून माझंच हाड खरवडून पुढे भरलं. दुखलं नाही, पण खरवडण्याचा आवाज थेट कवटीत ऐकू येतो. कुणी हे आधी सांगत नाही, म्हणून मी सांगतोय.

खरा धक्का नंतरचा. बधिर ओठांनी खुर्चीतून उठलो तेव्हा बाई म्हणाल्या, "दोन आठवडे बोलणं कमी. ओठ ताणायचा नाही, जोरात चूळ नाही, कवळी अजिबात नाही."

गणपती बाराव्या दिवशी होते. तारीख ठरवण्याआधी हे विचारायचं असतं. तुम्ही विचारा.

सोसायटीच्या गणपतीपुढे गाऱ्हाणं मी घालतो. सगळ्यांच्या वतीनं देवाकडे मागायचं, आणि दर मागण्याला बाकीच्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं. अठरा वर्षं हा मान माझा. मी कागदावर लिहून विचारलं, फक्त दहा मिनिटं?

"टाका सुटला तर ग्राफ्ट उघडा पडेल. मग हाड विसरा."

गणपतीच्या दिवशी मी सुजलेलं तोंड घेऊन कोपऱ्यात उभा. तळमजल्यावरचे परबकाका म्हणाले, "औंदा देवाच्या कानांक आराम."

मी लिहिलेलं गाऱ्हाणं बायकोच्या हातात होतं. आमच्यात बाईनं गाऱ्हाणं घातलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तिनं कागदाची घडी करून कमरेला खोचली आणि न बघता खणखणीत सुरू केलं. मग हळूहळू 'व्हय महाराजा' जमू लागलं.

"ह्यांच्या जबड्यात हाड भर, महाराजा."

"व्हय महाराजा."

"आणि थोडां जिभेत पण घाल."

एवढ्या जोरात 'व्हय महाराजा' मला अठरा वर्षांत मिळालं नव्हतं. मी दोन्ही हातांनी ओठ धरून हसू आवरलं. टाके वाचले.

सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन. पात्याच्या जागी चांगली जाड भिंत. बाई म्हणाल्या, "छान हाड धरलंय. आता स्क्रू बसेल."

दवाखान्याच्या जिन्यातूनच बायकोला फोन लावला. दहा मिनिटं मी एकटाच बोलत होतो.

"बरां झालां," ती म्हणाली. "म्हणजे देवान अर्धांच आयकलान."